अर्ध्या कपाचा रस्ता

रेशनच्या दुकानात तांदळाला त्याचं गाव विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गेणूभाऊ ओव्हाळ. नंबर आला की ते पोत्यात हात घालायचे, मूठभर तांदूळ तळहातावर घ्यायचे, त्यावर हलकी फुंकर मारायचे आणि दुकानदाराकडे बघून अगदी गंभीरपणे विचारायचे, "ह्यो कुटला?"

"सरकारी आहे."

"सरकारी ठावं हाये. जल्म कुटला?"

"आंध्राचा असेल बुवा."

"असंल न्हाई. ब्रह्मदेशाचा न्हाई ना?"

दुकानदार आईची शपथ घ्यायचा, मगच पिशवीचं तोंड उघडायचं. मागे रांग खोळंबलेली असायची, पण गेणूभाऊंना कधी घाई नव्हती. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "हो, ब्रह्मदेशाचाच आहे! घ्यायचा तर घ्या, नाहीतर वाट सोडा." गेणूभाऊंनी तळहातावरचा दाणा न् दाणा पोत्यात परत टाकला, हात पँटीला पुसला आणि सरळ घर गाठलं. पुढचे पंधरा दिवस त्यांच्या घरात नाचणीची भाकरी चालू होती. त्यांच्या बायकोनं, सखूवहिनींनी, त्या पंधरा दिवसांत दुकानदाराचा जो उद्धार केला, तो मी भिंतीपलीकडून ऐकलेला आहे.

मी तेव्हा लोणावळा स्टेशनात बुकिंग क्लार्क म्हणून नवा नवा आलो होतो. पुण्याचा असल्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. रेल्वे क्वार्टर्समध्ये गेणूभाऊ माझे शेजारी. एके दिवशी मी विचारलंच, "गेणूभाऊ, ब्रह्मदेशानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"घोडं न्हाई बाबू," ते म्हणाले. "आमची पोरं मारली. एकदा न्हाई, धा येळा."

मी चपापलो. महायुद्धात रंगूनला वगैरे काही झालं असावं म्हणून गप्प बसलो. पुढे कळलं की गेणूभाऊंना मूलबाळ नव्हतं. 'आमची पोरं' म्हणजे भारताचा युवक फुटबॉल संघ. आशिया खंडातल्या वीस वर्षांच्या आतल्या पोरांची एक फुटबॉल स्पर्धा असते, त्या काळात तिच्यात ब्रह्मदेशाचा दरारा होता, आणि आमच्या संघाला तिथे कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. या गोष्टीचं दुःख सबंध मावळ तालुक्यात एकट्या गेणूभाऊंना होतं, आणि म्हणून ते सगळ्या तालुक्याच्या वतीनं ते करायचे.

गेणूभाऊ पॉइंट्समन होते. मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना बोरघाट एकट्यानं चढवत नाही. कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, ती ढकलत ढकलत गाडी वर आणतात. त्यांना बँकर म्हणतात. लोणावळ्याला गाडी टेकली की बँकर सोडवायचे आणि ते परत खाली पाठवायचे. हे सोडवण्याचं काम गेणूभाऊंचं. साखळी सोडता सोडता ते निघालेल्या गाडीकडे बघून म्हणायचे, "बगा कशी चाललीय ऐटीत. तिला वाटतं, आपनच चढलो घाट."

बँकर सुटला की त्यांची नजर पहिल्या वर्गाच्या डब्याकडे जायची. युवक संघाची बातमी मराठी पेपरात क्वचित यायची. इंग्रजी पेपरात शेवटच्या पानावर, घोड्यांच्या शर्यतींच्या खाली, तीन ओळींत ती कुठेतरी अंग चोरून बसलेली असायची. पहिल्या वर्गाचे साहेबलोक वाचून झालेले पेपर बाकावर टाकून जायचे. गेणूभाऊ चौथी पास, तीही मराठी. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण कुठल्या पानाच्या कुठल्या कोपऱ्यात बघायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो पेपर काखेत मारून ते माझ्या खिडकीवर यायचे. समोर तिकिटाला माणसं उभी असली तरी खुशाल म्हणायचे, "जरा थांबा, सरकारी काम हाये," आणि पेपर आत सरकवायचे.

मी वाचायचो. बातमी बहुधा एकाच प्रकारची असायची. मला सांगायला जीभ रेटायची नाही.

"गेणूभाऊ, हरले."

"शिकले," ते लगेच दुरुस्त करायचे.

"बरेच गोल झाले हो."

"मंग लय शिकले. पोरं हायेत. येत्या खेपेला बगा."

'येत्या खेपेला' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूध नासलं, बढती हुकली, छप्पर गळलं, सगळ्याला तेच औषध. सखूवहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या तिरडीवर बी तेच लिवा. येत्या खेपेला."

त्यांच्या बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत या शिक्षणाच्या हिशोबानं भरली होती. कोळशानं आखलेले रकाने. साल, कुठं, कोणाबरोबर, काय झालं. शेवटच्या रकान्यात 'हरले' हा शब्द औषधालाही नव्हता. शिकले, शिकले, लय शिकले, बरोबरी, शिकले. ज्या वर्षी संघ गेलाच नाही त्या वर्षासमोर लिहिलं होतं, 'घरी बसून शिकले'. याला गेणूभाऊ 'रेकार्ड' म्हणायचे. एकदा क्वार्टर्स तपासायला वरचे साहेब आले. सरकारी भिंतीवर कोळसा बघून त्यांचा पारा चढला. "हे काय आहे?" गेणूभाऊंनी कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "इंडियाचं रेकार्ड हाये साहेब. पुसायचं का?" इंडियाचं म्हटल्यावर साहेबांनी पाठ फिरवली. ते शेजारच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे माझ्याकडे, शिरले आणि माझ्या भिंतीतल्या एका खिळ्यावरून मला झापून गेले.

मला एक कोडं होतं. मोठ्यांचा संघही होता की. त्याचं नावही बरं होतं, बातम्याही ठळक यायच्या. मी गेणूभाऊंना म्हटलं, "अहो, जिंकायचंच बघायचं तर मोठ्यांचं बघा. या पोरांच्या मागं का लागलाय?"

"मोट्यांचं मोटे बगतील," एवढंच ते म्हणाले आणि साखळी आपटत निघून गेले. असे ते कधी करत नसत.

ते कोडं सखूवहिनींनी सोडवलं. एका दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या, बायकोनं सांगितलं म्हणून मी ताक मागायला गेलो होतो.

"भाऊजी, तुमी त्यांना पोरांवरनं इचारू नका," त्या म्हणाल्या. "ते फुटबॉलवरनं न्हाईच. ते आबांवरनं हाये."

आबा म्हणजे धोंडूआबा, गेणूभाऊंचे थोरले भाऊ. राहायचे वडिवळ्याला, कामशेतच्या पुढे. आईबाप लवकर गेले, आबांनीच गेणूभाऊंना वाढवलं. छप्पन साली दीक्षा घ्यायला दोघे भाऊ बरोबर गेले होते, एका घोंगडीत झोपून आले. गावात दोघांची भाताची खाचरं लागून, वरचं आबांचं, खालचं गेणूभाऊंचं, मध्ये एक बांध. गेणूभाऊ रेल्वेत लागले, तिथल्या साहेबांचा फुटबॉल बघून वेडे झाले. रेल्वेच्या संघात त्यांना घेतलं ते राखीव म्हणून, म्हणजे बाहेर बसून दुसऱ्यांचे सदरे सांभाळायला. पण सुट्टीला गावी जाताना एक जुना चेंडू घेऊन गेले. भात निघाल्यावर खाचर मोकळं असतं. वाडीतल्या पोरांना लांबरुंद मैदान पाहिजे म्हणून यांनी मधला बांधच फोडला.

"मिरगाच्या आदी घालतो म्हनले," वहिनी सांगत होत्या. "घातला बी. पर दुसऱ्या दिशी हितं रेल्वेची म्याच व्हती. घाईघाईनं माती लोटली नि पळाले. बांध चोपलाच न्हाई. आन म्याचमदी तरी काय, बाहीरच बसले व्हते सदरे घिऊन."

मावळात बांध चोपला नाही म्हणजे काय होतं ते मावळातल्या माणसाला सांगावं लागत नाही. लावणी झाली, जोराचा पाऊस झाला, बांध धसला आणि आबांचं लावलेलं भात वाहून ओढ्याला लागलं. सबंध वरचं खाचर. त्या वर्षी आबांच्या घरात, पिढ्यांमध्ये पहिल्यांदा, विकतचा तांदूळ शिजला. रेशनचा. तो ब्रह्मदेशातून आलेला होता.

"ते बगून ह्यांनी तोंड झाकून घेतलं," वहिनी म्हणाल्या. "आन आबा चिडून बोलले, तुजी ती इंडियाची पोरं कप आनतील ना, त्या दिशी मी तुज्या दारात पाय ठेवीन. तवर न्हाई."

आता कोणीही शहाणा माणूस याचा अर्थ 'कधीच नाही' असा घेईल. आबांनीही तसाच घेऊन ते म्हटलं होतं. पण गेणूभाऊ रेल्वेतले. त्यांनी ते वेळापत्रक समजलं. गाडी लेट आहे एवढंच, रद्द नाही. तेव्हापासून पंधरा वर्षं हा माणूस त्या तीन ओळींची वाट बघत होता. स्वतः वडिवळ्याला जात नव्हता. मी नंतर एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी गेलो तर त्याचा शबुद मोडंल. त्यो येईन म्हनलाय."

"पण हा तर नवसच झाला की गेणूभाऊ."

"छ्या! नवस आमी छप्पन सालीच सोडले. ह्यो करार हाये."

मी त्यांची थट्टा करणं त्या दिवसापासून सोडलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण पेपर आला की आधी त्या कोपऱ्याकडे माझी नजर जायला लागली, एवढं खरं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रेल्वेचा संप तोंडावर आला होता, पेपरांची पहिली पानं त्यानंच भरलेली. स्टेशनात ज्याच्या त्याच्या तोंडी संप. स्पर्धा बँकॉकला चालू होती आणि यंदा काहीतरी विपरीत घडत होतं. पोरं शिकतच नव्हती. जिंकत होती. गेणूभाऊंची भूक गेली. एका गाडीचा बँकर सोडवायचा विसरून ते पेपरासाठी डब्यात चढले, आणि ड्रायव्हरनं शिट्ट्या मारून मारून सगळं लोणावळं जागं केलं.

शेवटच्या सामन्याचा पेपर त्यांनी खिडकीतून आत दिला. मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"गेणूभाऊ, जिंकली हो!"

त्यांनी खिडकीचे गज घट्ट धरले. "जिंकली?"

"जिंकली. म्हणजे, इराणही जिंकला."

"कुनाबरुबर?"

"आपल्याबरोबर. बरोबरीत सुटली, म्हणून दोघांनाही विजेते ठरवलंय. संयुक्त."

"एकाच म्याचमदी दोगंबी जिंकली?"

"हो."

तिकिटाच्या रांगेतल्या माणसांनाही आता यात रस वाटायला लागला. स्टेशनमास्तर बाहेर आले. त्यांनी चष्मा लावून बातमी वाचली आणि निकाल दिला, "संयुक्त म्हणजे निम्मं. कायद्यानं अर्धा कप." तेवढ्यात डबा घेऊन सखूवहिनी आल्या. त्यांनी मास्तरांना तिथल्या तिथे उडवून लावलं. "अर्धा कप आस्तो व्हय कुटं? कपाला दोन कान आस्त्यात. एक त्यांनी धरला, एक आपन धरला. कप आला म्हंजे आला!"

मला वहिनींचं पटलं. पण गेणूभाऊ मान हलवत राहिले. पंधरा वर्षं ज्याच्यासाठी वाट बघितली तो कप दारात येऊन अर्धाच निघाला होता. "आबाला लबाडीनं न्हाई आनायचा," ते म्हणाले. "बाबू, तुमी जावा. हाये तसं सांगा. इराणचं बी सांगा."

आणि म्हणून माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, काखेत इंग्रजी पेपर घेऊन, मी कामशेतला उतरून वडिवळ्याची वाट धरली.

उन्हाळ्याचे दिवस, सगळीकडे राब भाजायचं काम चालू होतं. भाताची रोपं करायची जागा पालापाचोळा जाळून भाजतात, त्याचा धूर डोंगराच्या कडेनं चढत होता. एक उंच, काटकुळा म्हातारा काठीनं राख सारखी करत होता. नाक थेट गेणूभाऊंचं. मी नमस्कार करून कोण ते सांगितलं, पेपर उघडला आणि बातमी मराठीत वाचून दाखवली. इराणसकट.

आबा काठीनं राख सारत राहिले. मग म्हणाले, "बाबू, बाजारातनं जोडीतला एकच बैल घरी आला, तर नांगुर चालतो का?"

"नाही."

"पर दावनीला तर बांदावाच लागतो."

"लागतो."

"मी पुऱ्या कपाचं बोललो व्हतो. ह्यो आर्दा हाये. लोनावळं हितनं कितवं ठेसन?"

"कामशेत, मग मळवली, मग लोणावळा."

"म्हंजे मदी मळवली." त्यांनी काठी जमिनीत रोवली. "आर्ध्या कपाला आर्दा रस्ता. बुद्धपुनवेला मळवलीपत्तुर येतो. म्होरला रस्ता त्यानं यावं."

मी हसू दाबायला तोंड फिरवलं, आणि तेव्हा मला ते दिसलं. खालच्या आणि वरच्या खाचरामधला बांध सपाट होता. दोन्ही टोकांना दोन दोन बांबू रोवलेले, गोलाचे. जमीन पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली.

"आबा, हा बांध फुटलाय की."

"फुटला न्हाई. फोडलाय," आबा म्हणाले. "दर साली भात निगालं की मीच फोडतो. मिरगाच्या आदी मीच घालतो. घालतो आनि चोपतो बी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाडीतली पोरं खेळत्यात. त्याला सांगू नका. शेफारंल."

माझ्या पोटात कुठलीही गोष्ट राहत नाही हे स्टेशनात सगळ्यांना माहीत आहे. पण ही राहिली. मला तो म्हातारा फार आवडला.

बुद्धपौर्णिमेला आम्ही तिघं मळवलीला उतरलो. गेणूभाऊंनी पांढरा शुभ्र सदरा घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीला दोन ठिकाणी कागद चिकटवलेला. हातात शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा. आबा आधीच येऊन फलाटावरच्या बाकावर बसले होते, मांडीवर करवंदांचा द्रोण. गेणूभाऊ वाकून पाया पडले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. सखूवहिनी आणि मी झाडाखाली उभे.

"आलास," आबा म्हणाले.

"आलो."

"गाडी टायमात व्हती."

"व्हय. आमच्या शेक्शनला टायमातच आस्त्यात."

यावर दोघांनीही बराच विचार केला.

"म्हस याली का?" गेणूभाऊंनी विचारलं.

"कुटली?"

"कपाळाला चांद हाये ती."

"ती मेली. बारा वर्सं झाली."

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. तो म्हशीसाठी नव्हता. आबांनी द्रोण मधल्या जागेत सरकवला. गेणूभाऊंनी चिक्कीचा पुडा त्याच्या शेजारी ठेवला. आबांना दात नव्हते, तरी ते चिक्कीचा तुकडा गालात धरून बसले. असा एक तास गेला. पावसाचं बोलले, राबाचं बोलले. कपाचं कोणी नाव काढलं नाही, बांधाचंही नाही. मग पुण्याकडची लोकल आली आणि आबा उठले.

"चल ना रं घरापत्तुर," गेणूभाऊ लहान पोरासारखे म्हणाले. "एकच ठेसन ऱ्हायलंय."

"आर्दा ठरलाय."

"मंग आर्दा कवा?"

आबा गाडीकडे बघत उभे. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "आबा, असा सामाईक कप असला ना, की सहा महिने एका देशात ठेवतात आणि सहा महिने दुसऱ्या." असं कुठेतरी होतं हे मी ऐकलं होतं, पण या कपाचं काय ठरलंय ते मला काडीइतकं माहीत नव्हतं.

"आदी कुनाकडं?" आबांनी विचारलं.

"आधी इराणकडे," मी ठोकून दिलं.

आबांनी मान डोलावली आणि डब्यात चढले.

त्यानंतर गेणूभाऊ मिटल्यासारखे झाले. संप झाला, मोडला, पाऊस आला, लोणावळं धुक्यात बुडालं. पहिल्या वर्गातले पेपर बाकांवर पडून राहू लागले. मी म्हणायचो, "गेणूभाऊ, पुढची स्पर्धा?" ते म्हणायचे, "बगू." 'येत्या खेपेला' नाहीच. पावसाळा संपल्यावर क्वार्टर्सना चुना मारायला माणसं आली. दर वेळी गेणूभाऊ त्या भिंतीसमोर हात पसरून उभे राहायचे. या वेळी म्हणाले, "मारा. झालं तिचं काम." पंधरा वर्षांचं शिक्षण दोन हातांत पांढरं झालं. मला त्यांचा राग आला, आणि स्वतःचाही. निदान काहीतरी खोटं नीट बोलायला हवं होतं, असं वाटलं.

ऑक्टोबर संपत आला होता. मी सकाळी ड्यूटीला निघालो होतो आणि क्वार्टर्सच्या रस्त्यानं एक उंच काटकुळा म्हातारा खांद्यावर गाठोडं घेऊन येताना दिसला. दर दाराशी थांबून विचारत होता, "पाइंटमन गेनू ववाळ कुटं ऱ्हातो?"

मी ड्यूटी सोडून उलटा धावलो.

गेणूभाऊ दारात दात घासत उभे होते. तसेच उभे राहिले, तोंडात राखुंडी.

"सा पुनवा मोजल्या," आबा म्हणाले. "बुद्धपुनवेपासनं. कप आला आसंल आता आपल्याकडं. आला का हो बाबू?"

"आला," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या ठामपणे मी एकही तिकीट दिलेलं नाही.

आबांनी उंबऱ्यात पाय ठेवला.

गाठोड्यात तांदूळ होता, नुकत्याच कापलेल्या हळव्या भाताचा. सखूवहिनींनी तो सुपात ओतला. गेणूभाऊंचा हात सवयीनं पुढे झाला, त्यांनी मूठभर उचलून तळहातावर घेतला, फुंकर मारली. तोंड उघडलं, पण प्रश्न काही निघेना.

"दोनी खाचरातला हाये," आबा म्हणाले. "तुज्या बी आनि माज्या बी."

मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "ऐकलं व्हतं, भितीवर रेकार्ड लिवतोस. कुटं हाये?"

"पुसलं."

"पुसलं?" आबा एवढ्या जोरात ओरडले की माझी बायको पलीकडून डोकावली. "पंदरा सालाचं रेकार्ड पुसलं? अक्कल हाये का? आन कोळसा!"

गेणूभाऊंनी चुलीतला कोळसा आणला. आबा भिंतीसमोर मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि सांगायला लागले. पहिलं साल. कुठं झाली, कोणाबरोबर. दुसरं साल. ब्रह्मदेश. तिसरं साल, गेलीच नाहीत. माणसाला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण सगळं तोंडपाठ, एक सामना चुकत नव्हता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"आबा, तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कामशेतात दवाखान्याचा कंपौंडर हाये. त्याच्याकडं इंग्रजी पेपर येतो," आबा डोळे न उघडता म्हणाले. "नुसतं कसं इचारायचं? म्हून पोट दुकतंय सांगतो. पंदरा वर्सं कडू औषिद पितोय मी ह्या पोरांपायी."

गेणूभाऊंचा हात थांबला. कोळसा भिंतीला टेकलेला, आणि पाठ आमच्याकडे. पाठ हलत होती.

"लिव की रं. थांबलास का? हारली, लिव. त्या साली हारली."

गेणूभाऊंनी 'शिकले' लिहिलं. आबांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. असं करत ते शेवटच्या ओळीवर आले. साल चौऱ्याहत्तर. बँकॉक. इराण. शेवटच्या रकान्यात गेणूभाऊ बराच वेळ लिहीत होते.

"काय लिवलंस?" आबांनी विचारलं.

"जिंकली, म्हून लिवलंय," गेणूभाऊ म्हणाले.

मी पुढे होऊन वाचलं. तिथे लिहिलं होतं, 'आबा घरी आला'.

"बेस," आबा म्हणाले. "आता खाली जागा सोड. येत्या खेपेला लागंल."